पाठीमागची भिंत आधी रंगवा: सावलीतल्या छोट्या परसदाराविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात पाचपाखाडीला सात मजली सोसायटीत तळमजल्याचं घर. मागे, उत्तरेला, १४ फूट लांब आणि १० फूट रुंद मोकळी जागा. अलीकडे आपलीच इमारत, समोर सहा फुटी कुंपणभिंत, ईशान्येच्या कोपऱ्यात सोसायटीचा आंबा आणि कुंपणापलीकडे तीसेक फुटांवर नवा २० मजली टॉवर. मोगरा, गुलाब, जास्वंद लावून झालं, काहीच टिकलं नाही. भिंतींना ओल, फरशीला शेवाळ. सासूबाई चिपळूणहून कायमच्या इकडे आल्या आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दिवसाचा बराच वेळ त्या मागच्या खिडकीपाशी बसून असतात. "त्यांना तिथे बसून बरं वाटावं इतकंच हवंय. पण ऊनच नसेल तर बाग उजळ होणार कशी?"

होईल. मात्र एक विनंती आहे, फेब्रुवारीपर्यंत एकही नवं झाड आणू नका. घोडबंदर रोडच्या एखाद्या नर्सरीत शिरलं की हात आवरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमची झाडं का गेली ते आधी नीट समजून घेऊ. ऊन मागणारी झाडं सावलीत बसवली आणि उन्हातल्या झाडांना घालतो तितकं पाणी त्यांना घातलं. सावलीत माती वाळत नाही. मुळं कुजली आणि झाडं गेली. यात जागेचा काही दोष नाही.

मी गेली बावीस वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत अशा लहान बागा करते आहे, आणि दरवेळी सुरुवात सूर्यापासून करते. ठाणं साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि बाकी सगळं वर्ष दक्षिणेला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर चढतो. तुमची इमारत २१ मीटर उंच धरली तर तेव्हा तिची सावली उत्तरेकडे १९ मीटर पसरते. तुमचं परसदार ३ मीटरचं! हिवाळ्यात तिथे थेट ऊन शोधण्यात अर्थ नाही. उलट मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आकाश निरभ्र असताना, दुपारी साडेबाराच्या आगेमागे दोनेक तास सूर्य जवळजवळ डोक्यावरून तुमच्या अंगणात उतरतो. वर्षभर सावलीत वाढलेली पानं त्या दोन तासांत करपतात, आणि लोक म्हणतात, "सावलीतली झाडंसुद्धा टिकत नाहीत हो." तेवढे तीन-चार आठवडे ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट दोरीवर ओढायची, आणि पाऊस स्थिरावला की घडी करून आत ठेवायची. ती बारा महिने टांगून ठेवली तर हातातला उजेड निम्मा गेला.

आता त्या टॉवरकडे बघा. तुम्ही त्याच्यावर चिडला आहात हे प्रश्नात जाणवतंय, आणि उत्तरेचं निम्मं आकाश त्याने खाल्लं आहे हे खरंच. पण त्याची तुमच्याकडची बाजू दक्षिणमुखी आहे. हिवाळ्यात दिवसभराचं ऊन तीच भिंत घेते. तुमच्या इमारतीची सावली तिच्यावर साधारण ८ मीटरपर्यंत चढते, त्याच्या वर, म्हणजे तिसऱ्या मजल्यापासून, ती उन्हात न्हालेली असते. डिसेंबरातल्या एखाद्या दुपारी बारा वाजता बाहेर उभं राहून पाहा: त्या उजळलेल्या भिंतीवरून परतलेला प्रकाश थेट तुमच्या इमारतीच्या मागच्या अंगावर पडतो, ज्या भिंतीत सासूबाईंची खिडकी आहे तिच्यावर. खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला ती भिंत दिसतच नाही. म्हणून ती कोणी रंगवत नाही. पण कुंपणभिंतीचा जो अंधारा चेहरा त्यांना दिवसभर दिसतो, त्याच्यावर उजेड पाडू शकेल अशी जवळ दुसरी कोणती वस्तू आहे? पाठीमागची तीच भिंत. ती सर्वांत पांढरी करा. चांगला पांढरा रंग पडलेल्या प्रकाशातले पाचातले चार भाग परत फेकतो. ओलीने काळवंडलेला सिमेंटचा गिलावा बहुतेक प्रकाश गिळून टाकतो. तळमजल्याच्या उंचीपर्यंत, इमारतीचा रंग न बिघडवता, हे करायला सोसायटी सहसा हरकत घेत नाही. तरी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या.

समोरची कुंपणभिंत मात्र पांढरीशुभ्र नको. सावलीत पोहोचणारा प्रकाश आकाशातून आलेला असतो, त्यात निळसर छटा असते. त्यात शुभ्र पांढरा करडा आणि थंड दिसतो, दवाखान्यासारखा. तिथे साय किंवा हस्तिदंती घ्या, थोडी पिवळसर झाक असलेला. आणि खालचा फूट-दीड फूट गेरूच्या रंगात. पावसाचे शिंतोडे उडून मातीचे डाग पडतात ते तिथेच. कोकणातल्या घरांना वर चुना आणि खाली कावेचा पट्टा असायचा, त्यामागे हेच शहाणपण होतं. सासूबाईंना तो पट्टा बघून काय वाटेल हे मी वेगळं सांगायला नको.

रंगात माझी पसंती चुन्याला. चुना अल्कधर्मी असल्यामुळे शेवाळ सहज धरत नाही, भिंतीतली ओल बाहेर पडू देतो, आणि त्याला प्लॅस्टिकच्या रंगासारखी चकाकी नसते. पण जुना ऑइल किंवा अ‍ॅक्रिलिक रंग पूर्ण खरवडून काढल्याशिवाय चुना बसत नाही, आणि दर दिवाळीनंतर एक हात मारावा लागतो. ते जमणार नसेल तर बाहेरच्या भिंतींचा चांगला, चकाकी नसलेला इमल्शन रंग लावा. दोन्हीच्या आधी गवंड्याला बोलावून पोपडे धरलेला गिलावा दुरुस्त करून घ्या. ओल्या भिंतीवर दिलेला रंग पहिल्याच पावसाळ्यात सोलून निघतो.

रंगाच्याही आधीचं काम म्हणजे काढणं. फुटक्या कुंड्या, दोरीवर वर्षानुवर्षं अडकलेली प्लॅस्टिकं, जुनी शिडी, कोपऱ्यातली टाकी. आणि असलंच तर डोक्यावरचं पिवळं पडलेलं फायबरचं छप्पर. हे छप्पर लोक का घालतात ते मला चांगलं कळतं. वरच्या मजल्यांवरून केस पडतात, शेंगांची टरफलं पडतात, एसीचं पाणी ठिबकतं, धुण्याचं पाणी गळतं. पण पूर्ण झाकू नका. इमारतीच्या भिंतीलगत फक्त तीन फूट रुंदीचा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा उताराने बसवा, म्हणजे बसायची जागा सुरक्षित राहते आणि पुढचं सात फूट आकाश उघडं राहतं. तो पत्रा दर महिन्याला धुवायचा. ठाण्याची धूळ आणि बांधकामांची सिमेंट त्यावर इतक्या लवकर बसते की न धुतलेला पारदर्शक पत्रा वर्षभरात अपारदर्शक होतो. एसीच्या पाण्याची नळी मात्र वाया घालवू नका, एका बादलीत सोडा. त्यात क्षार जवळपास नसतात, सावलीतल्या झाडांना ते पाणी चालतं.

आंब्याची छाटणी स्वतः किंवा ओळखीच्या माळ्याकडून परस्पर करून घेऊ नका. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली नागरी भागात छाटणीसाठीही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि अर्ज सोसायटीकडून गेलेला बरा. मागायचं काय, तर शेंडा उडवायचा नाही, फक्त जमिनीपासून बारा फुटांखालच्या फांद्या आणि आतल्या दाटीतल्या काही विरळ करायच्या. आंबे उतरल्यावर. त्या फांद्या निघाल्या की मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, सूर्य उत्तरेकडे झुकून उगवतो तेव्हा, पूर्वेच्या फटीतून सकाळचं कोवळं ऊन तिरपं आत येईल. दहा मिनिटं का होईना, ती दहा मिनिटं अख्ख्या दिवसाचा चेहरा बदलतात.

फरशीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. सुरुवातीच्या काळात नेरुळला एका रो-हाउसच्या मागच्या अशाच अंधाऱ्या जागेत मी पांढऱ्या चकचकीत टाइल्स घातल्या, भिंतीवर मोठा आरसा लावला आणि साठ कुंड्या मांडल्या. पहिले दोन महिने सगळ्यांनी कौतुक केलं. ऑगस्टमध्ये टाइल्सवर शेवाळाचा हिरवा थर आला, आरशाचा पारा कडेने काळा पडून उतरला, एक बुलबुल त्यात स्वतःला बघून दिवसभर चोची मारत राहिला, आणि घरातले काका निसरून पडले. त्यांच्या मनगटाला प्लॅस्टर घातलं गेलं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्या टाइल्स स्वतःच्या खर्चाने उखडून घेतल्या. तेव्हापासून सावलीतल्या जागेत गुळगुळीत पृष्ठभाग मी घालत नाही. आपल्याकडे पावसाळा दोन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो, आणि ऊन न पोहोचणारी फरशी जून ते ऑक्टोबर सुकतच नाही. तुमच्या घरात तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस आहे.

तर: फिक्या रंगाचा, खरखरीत, पॉलिश न केलेला दगड. पिवळसर जैसलमेर मिळाला तर उत्तम, नाहीतर न घासलेली शहाबादी, तिच्या सांध्यांत फिकं सिमेंट भरून. कोटा नको. तो हिरवट गडद असतो आणि घासलेला कोटा ओला झाला की पाय ठरत नाही. दर आठ फुटांना एक इंच तरी उतार नहाणी ट्रॅपकडे हवा. गवंडी निघायच्या आधी दोन बादल्या पाणी ओतून, कुठे डबकं साचतंय का ते बघा. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं फरशीखाली गाडू नका आणि त्यांच्यावर कायमची कुंडीही ठेवू नका. खडी घालायची तर फक्त भिंतीच्या कडेच्या फूटभर पट्ट्यात. काठी टेकत चालणाऱ्याच्या वाटेवर खडी म्हणजे धोका. आणि इमारतीच्या भिंतीला माती टेकवून वाफा बांधायचा नाही, ओल घरात येते. वाफा फक्त कुंपणाच्या बाजूने, तोही कुंपणाला चार बोटं सोडून.

मध्यभाग मोकळा ठेवा. अगदी मोकळा. छोटी जागा भरून टाकली की ती आणखी लहान आणि आणखी काळी दिसते, कारण प्रत्येक कुंडी आपल्यापुरती सावली बरोबर घेऊन येते. जुन्या वाड्यांचे चौक आठवा. चहूबाजूंनी दोन-दोन मजले, वर आकाशाचा तुकडा, मधे दगडी फरशी, एक वृंदावन आणि काहीच नाही. त्या रिकाम्या फरशीवर उजेड उतरायचा आणि तिथून ओसरीवर, माजघराच्या दारापर्यंत पोहोचायचा. सीबीडी बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात आखलेली आर्टिस्ट्स व्हिलेजची वसाहत जवळच आहे, सवड मिळाली तर एकदा फिरून या. सात-सात घरं ८ मीटर बाय ८ मीटरच्या एका अंगणाभोवती. एवढीशी मोकळी जागा काय काय करू शकते ते पायांनी चालून कळतं.

त्या मोकळ्या मध्यात एकच वस्तू ठेवायची: पाणी. दगडी दोण किंवा दीड-दोन फूट व्यासाचं पसरट पात्र, आतून काळं. आतून काळंच हवं, कारण निळ्या टाइलचा तळ दिसतो, तर काळ्या तळाच्या स्थिर पाण्यात तळ दिसत नाही, आकाश दिसतं. तुमच्या परसदारात सर्वांत उजळ वस्तू आहे ती डोक्यावरची आकाशाची पट्टी, आणि खिडकीत बसलेल्या माणसाला नेमकी तीच दिसत नाही. पाणी ती उचलून जमिनीवर आणून ठेवतं. जागा मात्र अचूक लागते. वीतभर इकडेतिकडे झालं तर पाण्यात आकाशाऐवजी टॉवरचे पाइप दिसतात. म्हणून विकत काही घ्यायच्या आधी घरातली मोठी परात काठोकाठ पाण्याने भरा, सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवा, आणि परात सरकवत राहा. "दिसलं" म्हणतील तिथे खडूने खूण करा. डासांसाठी पाच-सहा गप्पी मासे सोडा, आठवड्याला अर्धं पाणी बदला. कारंजं नको. पंप बिघडतो, आणि पाणी हललं की आकाश मोडतं.

आता झाडं. त्याआधी मोबाइलवर लक्समीटरचं, म्हणजे उजेड मोजायचं, अ‍ॅप घ्या आणि सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता तीन-चार ठिकाणी मोजमाप लिहून ठेवा. मोबाइलचं मापन काटेकोर नसतं, पण दोन कोपऱ्यांतला फरक कळायला पुरतं. भर उन्हात लाखभर लक्स असतात. माझा हिशेब असा: दुपारी ५०० च्या खाली येणारा कोपरा झाडाविना ठेवायचा. १,००० ते २,००० मध्ये पानांची झाडं जगतात, त्याच्या वर ती छान वाढतात. फुलं हवी तर ५,००० च्या पुढे जायला हवं, आणि तुमच्याकडे ते बहुधा पूर्वेच्या टोकालाच मिळेल.

सावलीतली झाडं कशी मांडायची हे मी येऊरच्या जंगलात शिकले. जुलैत वर सागाची, ऐनाची पानं दाटतात, खाली जमिनीवर उजेड थेंबाथेंबाने उतरतो. तरी तिथे अंधारल्यासारखं वाटत नाही. एका जागी एकाच जातीचा मोठा पुंजका असतो, रानहळदीचा किंवा पेवाचा, रुंद पानं उजेडाकडे आडवी धरलेली. मग मधे रिकामी ओली माती. मग दुसरा पुंजका. डोळ्याला विसावायला जागा मिळते. आपण मात्र नर्सरीतून एकेक करून वीस जातींच्या वीस कुंड्या आणतो आणि ओळीने उभ्या करतो.

तुम्ही सहा-सातच जाती घ्या, पण प्रत्येकीच्या तीन ते पाच. कुंपणभिंतीच्या एका बाजूला, मधोमध नाही, रॅपिस पामचा एक गच्च पुंजका. त्याची गडद बोटांसारखी पानं सायीच्या रंगावर चित्रासारखी उठतात. फिकट पानांची झाडं थेट फिक्या भिंतीसमोर ठेवू नका, ती त्यात विरून जातात. ती रॅपिसच्या पुढ्यात ठेवा: पांढऱ्या पट्ट्यांचा स्पायडर प्लांट, चंदेरी अ‍ॅग्लोनेमा, फिकट हिरवा सिंगोनियम. स्पायडर प्लांट हा आपल्या येऊरच्या कुळी-मुसळीचा परदेशी भाऊबंद, त्यामुळे इथल्या हवेत तो कुरकुर करत नाही. एक लक्षात असू द्या, पानांवर पांढरा भाग जितका जास्त तितकं हरितद्रव्य कमी. म्हणून अशी झाडं सावकाश वाढतात आणि फार अंधारात ठेवली तर नवी पानं पुन्हा हिरवीगार येऊ लागतात. ती दोन फूट पुढे, उजेडाकडे सरकवायची खूण समजा. भिंतीच्या ओल्या पायथ्याशी नेचे आणि बर्ड्‌स नेस्ट फर्न. त्यांना तीच ओल हवी असते जी तुम्हाला नको आहे. भिंतीचा दोन तृतीयांश भाग उघडाच राहू द्या. सगळी भिंत मनीप्लांटने झाकलीत तर रंगावरचा खर्च फुकट.

फुलं पांढरी घ्या. लाल-जांभळी फुलं सावलीत काळी पडल्यासारखी दिसतात, पांढरी मात्र तिन्हीसांजेलाही तेवत राहतात. पूर्वेच्या टोकाला तगर, तिच्या शेजारी कामिनी. दोन्ही अर्ध्या सावलीत फुलतात, उन्हातल्याइतक्या नाही, पण फुलतात. वाफ्यात सोनटक्क्याचे कंद. ऑगस्ट-सप्टेंबरात तो फुलला की संध्याकाळी वास घरभर येतो आणि चिपळूणच्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पेवाचे कंद मिळाले तर जरूर लावा: पावसाळ्यात लाल छदांच्या (फुलाखालच्या पानांच्या) कणसातून एकेक पांढरं तलम फूल निघतं. पण ते नर्सरीतून किंवा कोणाच्या बागेतून आणा. येऊरहून उपटून आणायचं नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे. रंगाला एक अबोली पुरे. तिचा नारिंगी सावलीतही मऊ दिसतो, आणि वेणीपुरती फुलं निघतात. कुंपणाच्या एका कोपऱ्यात नागवेल चढवा. विड्याचं पान सावलीतच चांगलं होतं. नातवंडं लहान असतील तर अ‍ॅग्लोनेमा आणि सिंगोनियम हाताला लागणार नाहीत असे ठेवा, या कुळातल्या पानांचा रस अळूसारखा खाजरा असतो.

मोगरा पुन्हा लावू नका. मला माहीत आहे हे ऐकायला बरं वाटत नाही. तो वाढेल, पानं देईल, आणि दर उन्हाळ्यात तुम्ही कळ्यांची वाट पाहाल.

तुळशीचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सासूबाईंच्या मनात तो पहिला असणार. तुळशीला रोज चार-पाच तास ऊन लागतं. मागे एकच तुळस ठेवली तर दोन महिन्यांत तिच्या काड्या होतील, आणि घरात तुळस वाळली याची टोचणी त्यांना लागेल. दोन एकसारख्या कुंड्या करा. एक पुढच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, उन्हात. दुसरी मागे वृंदावनात. दर आठ दिवसांनी अदलाबदल. वृंदावन आतून पोकळ आणि कुंडी अलगद बसेल असं घ्या. मी तीन घरांत असं केलं आहे, तिन्ही तुळशी झकास आहेत.

मातीसाठी नुसती लाल माती नको, ती पावसात घट्ट बसते. एक भाग माती, एक भाग चाळलेलं कंपोस्ट, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि भाताचं तूस. कोकोपीट मूठभरच. ते पाणी धरून ठेवतं, आणि तुमच्याकडे नेमकं ते नको आहे. कुंड्यांखालच्या थाळ्या काढून टाका, कुंड्या विटेवर उचलून ठेवा. पाणी वारावर घालायचं नाही. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी नाही. पावसाळ्यात गोगलगायी येतील. रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा उपाय इतका खात्रीचा नाही. मिलीबगवर, म्हणजे कापसासारख्या पांढऱ्या किडीवर, लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी फवारायचं.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांच्याविषयी. १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात रॉजर उलरिख यांचा एक अभ्यास आला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ च्या नोंदी त्यांनी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान होता, २३ जोड्यांचा. पण जगभर रुग्णालयांच्या आखणीवर त्याचा परिणाम झाला. तुमच्या खिडकीबाहेर आज विटांचीच भिंत आहे, म्हणून मला तो आठवला.

म्हणून बागेचा आराखडा बागेत उभं राहून करू नका, सासूबाईंच्या खुर्चीत बसून करा. त्यांच्या डोळ्यांची उंची बसल्यावर साडेतीन-चार फूट असेल. खिडकीचा कठडा मधे येतो का, ग्रिलची आडवी पट्टी नेमकी पाण्यावर येते का, तिथून बघा. बाहेरही एक खुर्ची हवी, हातांची, बैठक अठरा-एकोणीस इंच उंच. वेताचा खोलगट मोडा दिसायला छान, पण त्यातून गुडघा उठू देत नाही. दारापासून खुर्चीपर्यंत भिंतीला धरायला एक दांडा लावा. खुर्चीची पाठ इमारतीकडे, आणि शेजारी अडीच फूट उंचीचं बाक, त्यावर नागवेलीची कुंडी, पुदिना, पानओवा. वाकावं लागलं नाही तर त्या रोज काहीतरी करतील. पिवळं पान काढतील, पुदिन्याची दोन पानं चहात टाकतील. अख्खं आगर सांभाळलेल्या बाईला नुसतं बघत बसायला लावणं ही शिक्षाच आहे. थोडं काम त्यांच्या हाताला राहू द्या, आणि कुंड्यांबद्दल त्यांचं ऐका. त्यांना माझ्याहून जास्त माहीत असेल.

दिव्यांचं थोडक्यात. पिवळसर, २७०० केल्विनचे ३ ते ५ वॉटचे दोन दिवे, बाहेर चालणारे, जमिनीलगत लपवून सायीच्या भिंतीकडे वळवलेले. भिंत उजळते, दिवा दिसत नाही. लुकलुकणाऱ्या माळा नकोत. वायरिंग पाइपातून आणि बोर्डावर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असायलाच हवा. साडेनऊला बंद करायचे, दयाळ आणि शिंपी या पक्ष्यांना झोप हवी असते.

आणि एक कटकटीचा मुद्दा, पण टाळू नका. इमारतीभोवतीची मोकळी जागा बहुतेक सोसायट्यांत सामाईक असते, तळमजल्याच्या फ्लॅटची नसते. काम सुरू करायच्या आधी समितीचा ठराव लेखी घ्या, पक्कं बांधकाम करू नका, अग्निशमनाची वाट आणि चेंबर मोकळे ठेवा. तयार झालेली बाग तक्रारीमुळे मोडावी लागलेली मी पाहिली आहे.

क्रम असा धरा. नोव्हेंबरात साफसफाई आणि परवानग्या, डिसेंबर-जानेवारीत गिलावा, फरशी, रंग. फेब्रुवारीत रॅपिस, तगर, कामिनी आणि पानांची झाडं. मेच्या दहा तारखेच्या सुमारास शेडनेट, महिनाअखेरीला सोनटक्का आणि पेवाचे कंद मातीत. पहिल्या पावसानंतर नेचे.

परातीचं काम मात्र कशासाठीही थांबलेलं नाही. ते या रविवारी दुपारी करा.